कवितेची सावड

मला लोंबकळत राहिलेली गोष्ट सहन होत नाही. दूध वर येईपर्यंत मी गॅसपाशी उभी राहते. फोनवर कुणी "नंतर सांगते" म्हणालं की पुढचा घास घशाखाली उतरत नाही. मालिका तर मी बघतच नाही, कारण रोज ऐन मोक्याला थांबवतात. वराळ्याच्या आमच्या इमारतीतल्या बायका म्हणतात, "बाई, नोकरी सुटली, पण तुमचा तास काही सुटला नाही." हसू देत त्यांना. हा चाळा मला जन्मतः नव्हता. तो नववीत लागला, आणि ज्यांनी लावला त्या टिळेकर सरांना तेव्हा बोलतासुद्धा येत नव्हतं.

शाळा पवनानगरच्या रस्त्याला होती, डोक्यावर पत्रा. मावळातला पाऊस पत्र्यावर पडायला लागला की मास्तरांना ओरडावंच लागतं, आणि सरांनी कित्येक पावसाळे ओरडून कविता शिकवल्या होत्या. त्या वर्षी गणपतीच्या सुमारास त्यांचा आवाज बसला तो उठेचना. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात गाठी आल्यात, काही महिने तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. हेडसरांनी मराठीचे तास पीटीच्या सरांना द्यायचं ठरवलं. पीटीचे सर म्हणजे कवितेलाही 'सावधान' म्हणतील असा माणूस. टिळेकर सरांच्या जिवाला ते लागलं असणार. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ते वर्गात आले, फळ्यावर लिहिलं, 'आजपासून तुम्ही बोला', आणि सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले.

आता आमची पंचाईत. तोवर कविता म्हणजे सरांनी अर्थ सांगायचा आणि आम्ही तो उतरून घ्यायचा. मी वर्गात पहिली यायची ती याच जोरावर. 'या कवितेतून कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे' हे वाक्य मी झोपेतही म्हटलं असतं. आणि आता सर काही सांगायचेच नाहीत. कुणीतरी पुढं उभं राहून कविता दोनदा वाचायची, प्रश्न विचारायचा, आणि बाकीच्यांनी बोलायचं. पुढं उभं राहणाऱ्यानं मत द्यायचं नाही, फक्त विचारायचं. कुणी काही ठोकून दिलं की सर मागून खडूनं बाक वाजवायचे आणि फळ्याकडं बोट करायचे. तिथं दोनच गोष्टी लिहिलेल्या असत, त्या कधी पुसल्या गेल्या नाहीत. 'का?' आणि 'कुठल्या ओळीत?' तास संपायचा आणि खरं उत्तर कुणी सांगायचंच नाही. मी चिडून घरी यायची. कविता डोक्यात तशीच अर्धवट घोळत राहायची, भाकरी थापताना, शेळीला पाला घालताना. पोरं म्हणायची मजा येते. मला अजिबात मजा येत नव्हती.

पहिल्या दिवशी पुढं यायला कुणी तयार होईना. तेव्हा माझ्या बाकावरची मंदा उठली. मंदा वरच्या आळीतली, तिच्या घरची भातखाचरं धरणात जाऊनही गावात सगळ्यांत जास्त उरलेली. तिचा बाप शाळेच्या कमिटीवर. ती म्हणाली, "सर, सावडीवानी करू की. आळीपाळीनं." मावळात भातलावणीला मजूर लावायची ऐपत कुणाची नव्हती. आज सगळ्यांनी मिळून एकाचं खाचर लावायचं, उद्या दुसऱ्याचं, त्याला सावड म्हणतात. ज्याचं खाचर त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं, ही त्यातली रीत. मंदा बोलून बसते न बसते तोच मागून बाळू ओरडला, "सावड म्हंजी जेवाण पायजे!" बाळू नववीत दुसऱ्यांदा बसला होता, आणि त्याला कोंबड्यांखेरीज कशातही गती नव्हती. सगळा वर्ग हसला. सरही हसले, आवाज न करता, खांदे हलवत. आणि ठरलंच. ज्याची कविता, त्यानं वर्गाला खायला आणायचं. तास मधल्या सुट्टीच्या आधीचा असल्यामुळं सोयीचंही होतं.

आम्ही सगळी सावडीतच वाढलेली पोरं, म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ते घरी माझ्या आईच्या लक्षात आलं. मी उत्साहानं सांगितलं, तशी ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "आन् तुझी पाळी कवा?"

"सगळ्यांची येनार. बाकावारी."

"तसं न्हाई इचारलं," ती म्हणाली आणि तिनं फुंकणी उचलली.

आमचं घर बौद्धांचं, गावाच्या खालच्या अंगाला, विहाराच्या पाठीमागं. आई लावणीच्या दिवसांत वरच्या आळीच्या सावडीला जायची. पाठ मोडेस्तोवर चिखलात वाकायची, आणि जेवणाच्या वेळी आमच्या आळीतल्या बायकांची पंगत बांधाच्या पलीकडं बसायची. वाढणारी हात उंच धरून भाकरी सोडायची. आमच्या तुकड्याची लावणी असली की वरच्या आळीचे लोक कामाला यायचे, नाही असं नाही, पण जेवणाच्या वेळेला कुणाचं डोकं दुखायचं, कुणाची म्हैस सुटलेली असायची. आईनं यावर कधी भाषण दिलं नाही. तिला ते पाठ होतं, एवढंच. आम्ही पोरांनी शाळेत सावड नेली ती अर्धीच नेली असं आम्हाला वाटत होतं. पण ती बांधासकट अख्खीच आत आली होती.

कारण पहिल्याच आठवड्यात मला ते दिसायला लागलं. कुणी शेंगा आणल्या, कुणी उकडलेले वाटाणे, कुणी आंबेमोहराच्या तांदळाची खिचडी आणली तर तिच्या वासानं शेजारचा वर्ग खिडकीत आला. वाटप सुरू झालं की आमच्या आळीच्या दोघातिघांच्या हातात ते वरून पडायचं. शेंगा पडल्या तर कळत नाही, सगळ्यांच्याच हातात पडतात. खिचडी पडली की कळतं. एकटी मंदा सगळ्यांना देते तशीच मलाही द्यायची, बोटाला बोट लागायचं. ती विचार करून तसं करायची की तिच्या मनातच येत नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं नाही. मी मात्र मोजमाप करायला लागले होते. कुणाचा हात किती उंच. कवितेकडं माझं लक्ष राहिलं नाही, आणि बाकावारी पाळी जवळ येत होती. नुसतं खाणं होतं तोवर ठीक होतं. माझ्या हातचं ते खातील का, हा प्रश्न होता, आणि तो विचारायचा कुणाला? खाल्लं नाही तर त्यानंतर त्या वर्गात मी पहिली आले काय नि शेवटची आले काय, सारखंच होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, लोणावळ्याला चिक्कीच्या भट्टीवर कामाला होते. आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे तेव्हा त्यांच्या अगोदर गुळाचा वास दारात यायचा. पाक घोटून घोटून त्यांच्या मनगटांवर भाजल्याचे ठिपके पडले होते. बाजारपेठेतून मुंबईचे पाहुणे चिक्कीचे पुडे भरभरून न्यायचे, त्यातली निम्मी आबांच्या हातची. आमच्या गावातही लग्नकार्याला लोणावळ्याची चिक्की यायची आणि वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या ती मटकावत दात नसल्याची तक्रार करायच्या. पुड्याच्या आत कुणाचे हात गेलेत हे कागदावर छापलेलं नसतं. आबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच ना? पुडं आनतो दुकानातलं, वर दोरी बांधल्यालं. कुणी न्हाई म्हननार न्हाई. माजंच हात हायती त्यात, पर त्येंला कशाला सांगायचं?"

मला एकदम सुटल्यासारखं झालं. ही तोड कशी सुचली नाही! शेजारच्या धुरपामावशीनं तर आणखी एक तोड काढली. ती म्हणाली, "दशम्या कर. दुधात पीठ मळलं की सोवळंवालं बी खात्यात, पानी न्हाई ना लागत." तीही बरी वाटली. मला काहीही चाललं असतं, फक्त तो दिवस निघून जायला हवा होता.

आई भांडी घासत होती. ती राख लागलेले हात तसेच घेऊन उठली आणि आबांसमोर येऊन उभी राहिली.

"चिक्की न्हाई, दशमी न्हाई. भाकरी जाईल."

"अगं, पोरीचा जीव टांगनीला लागलाय."

"म्हनूनच. पुडा खाल्ला तर त्येनी दुकानाचं खाल्लं. दशमी खाल्ली तर दुधाचं खाल्लं. हिचं काय खाल्लं?" आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "पान्यात मळल्याली भाकरी न्हे. खात्याल न्हायतर न्हाई खात्याल. पर कळंल तर."

मी तिच्यावर इतकी चिडले की त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही. तिला शाळेत जायचं नव्हतं, तिला काय! मला कळायचं नव्हतं. मला नुसतं निभावून न्यायचं होतं. आज मागं बघताना वाटतं, सरांच्या वर्गात मी काय शिकत होते ते आईला फळ्याविनाच येत होतं, पण हे आजचं शहाणपण आहे. त्या आठवड्यात मी रोज देवाला, म्हणजे आमच्याकडं देव नव्हता, तर कुणालातरी म्हणत होते की मला ताप येऊ दे. ताप आला नाही. आला असता तरी आईनं भाकऱ्या घेऊन मला पाठवलंच असतं.

त्या सकाळी तिनं तांदळाच्या भाकऱ्या केल्या, पापुद्रा सुटलेल्या, पांढऱ्याशुभ्र. बरोबर लसणाचा ठेचा. धुतलेल्या फडक्यात बांधून सगळं टोपलीत ठेवलं. वाटेत टोपली डोक्यावर घेतली तर उगाच सगळ्यांना दिसेल म्हणून मी ती कमरेवर घेतली, मग वाटलं लपवल्यासारखं दिसतं, म्हणून पुन्हा डोक्यावर घेतली. असं करत शाळेत पोचले. वर्गात टोपली टेबलावर ठेवली. सुगीनंतरचा पेंढ्याचा वास बाहेरून येत होता, धरणाकडून वारा सुटला होता आणि पत्र्याचा एक कोपरा सारखा खडखडत होता. सगळ्यांचे डोळे आधी टोपलीकडं गेले आणि मग पुस्तकाकडं.

माझ्या वाट्याला आलेली कविता अगदी छोटी होती. मी ती दोनदा वाचली.

ओंजळभर दाणे तिने अंगणात मांडले,
झाडावरचे पाखरू पण झाडावरच थांबले.
वाट पाहता पाहता तिने ऊन डोईवर घेतले,
पाखराने एक डोळा उघडून पुन्हा डोळे मिटले.

कवीचं नाव आज आठवत नाही. पुस्तकाच्या मागं स्वाध्यायात लिहिलं होतं, 'कवितेतून व्यक्त होणारे भूतदयेचे महत्त्व सांगा.' मी स्वाध्याय बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "पाखरू खाली का उतरत नाही?" विचारल्यावर माझं मलाच ऐकू आलं की मी काय विचारलंय. पण विचारून झालं होतं.

"प्वाट भरलं आसंल," एक जण म्हणाला.

"गलोलीला भ्याल्यालं आसंल."

"दानं किडकं आसत्याल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं फिसकन हसली. सरांनी बाक वाजवला, फळ्याकडं बोट केलं. कुठल्या ओळीत? दाणे किडके असल्याची ओळ नव्हती. तो पोरगा खाली बसला.

मग बाळू उठला. "म्या सांगतो. आमच्या कोंबड्या बी आशाच. दानं टाकून आय थितंच हुबी ऱ्हायली तर येक बी म्होरं येत न्हाई. आय आत गेली की फडशा. ही बाई हाललीच न्हाई, म्हनून पाखरू उतरंना." सरांनी खडू उचलायच्या आत त्यानंच पुस्तकावर बोट ठेवलं, "ह्या तिसऱ्या वळीत. ऊन डोक्यावर आलं तरी हुबीच."

वर्गाला ते पटलं. नववीच्या त्या वर्गात एखादं उत्तर इतकं सगळ्यांना पटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माना हलायला लागल्या. आणि मंदा बसल्या जागेवरून, माझ्याकडं बघत, हळू म्हणाली, "व्हय. तिनं आत जावं. पाखरू बी सुटंल आन् ती बी सुटंल."

मी तिच्याकडं पाहिलं आणि मला सगळं कळलं. ती मला वाट काढून देत होती. घंटा झाली की मी पिण्याच्या पाण्याचा हंडा भरलाय का बघायला म्हणून बाहेर जायचं. मागं टोपलीचं काय होतं ते मी बघायचं नाही. कुणी खाईल, कुणी नाही, उरलेलं कावळ्यांना घालतील, आणि मी परत येईन तेव्हा टोपली रिकामी असेल. कुणाचंच कुणाला दिसणार नाही. त्यात मंदाचं काही वाईट नव्हतं, तिला माझी कणवच आली होती. वर्गही कसा सैल पडला, पत्र्याचा खडखडाटसुद्धा कमी झाल्यासारखा वाटला. आणि मला, जिला आठवडाभर नेमकं हेच हवं होतं, मला इतका संताप आला की कानशिलं तापली. पहाटे उठून भाकऱ्या थापणारी आई डोळ्यांपुढं आली. कळंल तर, म्हणाली होती. माझ्या तोंडावर आलं होतं की मी नाही जाणार कुठं. पण पाळीवाल्यानं मत द्यायचं नाही, हा नियम. मला फक्त विचारता येत होतं. मग मी विचारलं.

"अंगण कुणाचं आहे?"

पोरं पुस्तकाची पानं चाळू लागली. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, आणि या खेपेला पुस्तकी मराठी सुटली. "आंगन कुनाचं हाय?"

"तिचं," मंदाच म्हणाली.

"मग ती का म्हनून आत जाईल?"

पोरांनी मागं वळून पाहिलं. मागच्या बाकावर सर होते, हातात खडू होता, पण त्यांनी तो वाजवला नाही. मला वाटलं, आता तरी काही करतील. निदान मान हलवतील. ते तसेच बसून राहिले.

मग बाळूनं पुस्तकात पुन्हा डोकं घातलं. त्याला वाचायला वेळ लागायचा, ओठ हलवत वाचायचा. "हितं शेवटच्या वळीत येक डोळा उघडलाय की त्यानं," तो म्हणाला. "म्हंजी बगतंय. प्वाट भरल्यालं आसतं तर बगितलं आसतं का? भूक हाय त्याला." मग जरा चाचरत म्हणाला, "बाकीची पाखरं काय म्हनतील म्हनून डोळा मिटलाय."

कवितेत बाकीची पाखरं नव्हतीच. कुठल्या ओळीत, असं कुणीही म्हणू शकलं असतं. कुणी म्हटलं नाही. तेवढ्यात घंटा झाली.

मी फडक्याची गाठ सोडली आणि टोपलीशेजारी उभी राहिले. भाकऱ्यांची वाफ केव्हाच गेली होती. कुणी उठेना. बाहेर दुसऱ्या वर्गांची पोरं सुटली होती, त्यांचा गलका चालला होता, आणि आमचा वर्ग तसाच बसून. मी सरांकडं बघितलं. एक माणूस उठून दोन पावलं चालून आला असता तर सगळं निभावलं असतं. ते माझ्याकडं बघत होते आणि जागचे हलत नव्हते. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा दाणे किडके म्हणणाऱ्या पोराचाही आला नव्हता. मी टेबलाची कड घट्ट धरून राहिले.

बाळू उठला. बाक मागं सारत, आवाज करत आला. "मला लय भूक लागलीया," असं जाहीर केल्यासारखं म्हणून त्यानं अख्खी भाकरी उचलली, वर ठेच्याचा गोळा घेतला, तिथंच उभ्यानं मोठा घास घेतला, आणि त्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. "आयला, काय तिकाट केलाय!" पोरं हसली. हसण्यात दोनचार जण उठले. माझ्या आळीचे उठले. वरच्या आळीच्याही काही पोरींनी तुकडे घेतले, एकमेकींकडं बघत. सगळे नाही उठले. बरेचसे खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चालल्यासारखे बघत राहिले, आणि मग एकेक करून बाहेर गेले. सर शेवटी आले. त्यांनी एक भाकरी घेतली, खाल्ली, पुरती, ठेच्यासकट, गळ्याला तिखट वर्ज्य असताना. मी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

मंदा त्यांच्याही नंतर आली. तिनं अर्धी भाकरी घेतली, हातात धरून उभी राहिली, दाराकडं बघितलं. मग रुमालात गुंडाळली. "घरी खाईन," म्हणाली.

टोपलीत अर्ध्याअधिक भाकऱ्या उरल्या. मी त्या घेऊन घरी आले. आईनं फडकं उघडून बघितलं.

"उरल्या," मी म्हटलं.

"खाल्ल्या बी," ती म्हणाली, आणि उरलेल्या भाकऱ्या कुस्करून तिनं त्यांचा फोडणीचा काला केला. आम्ही तो जेवलो. आबा पुढच्या सुट्टीला आले तेव्हा त्यांनी तरीही चिक्कीचा पुडा आणला होता, माझ्या एकटीसाठी.

उन्हाळ्याच्या तोंडाला सरांचा आवाज परत आला, घोगरा, पहिल्यासारखा नाही. मी दबा धरून बसलेच होते. एकटे सापडले तेव्हा विचारलं, "सर, तुम्ही आधी का नाही घेतली भाकरी?" ते बोटांत खडू चोळत राहिले. म्हणाले, "मी आधी हात घातला असता, तर बाकीच्यांनी माझ्या धाकानं खाल्लं असतं. धाकानं खाल्लेलं अंगी लागत नाही, शालन. आणि मग बाळूला ती शेवटची ओळ सापडली नसती." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण टेबलाची कड मी धरली होती, त्यांनी नाही. पुढं मी स्वतः लोणावळ्याच्या शाळेत मराठी शिकवली, कविता पोरांच्याच हातात दिल्या, खरं उत्तर कधी सांगितलं नाही, त्यावरून पालकांच्या शिव्या खाल्ल्या. पण वर्गात कुणाचा डबा उघडला की पहिला घास मी उचलायची. धाक तर धाक. सरांशी माझा हा वाद ते गेल्यावरही मिटलेला नाही.

आणि दुसरा एक प्रश्न होताच. दर वेळी मंदा भेटली, एसटीत, बाजारात, कुणाच्या लग्नात, तेव्हा तो जिभेवर यायचा आणि मी गिळायची. मला लोंबकळत राहिलेली गोष्ट सहन होत नाही असं मी वर लिहिलंय, पण ही एक मी आयुष्यभर लोंबकळू दिली, कारण उत्तराचीच भीती होती.

गेल्या थंडीत भाची म्हणाली, धरणाच्या काठी तंबूत राहायला जाऊ, आता सगळे जातात. आम्ही गेलो तर तो तंबूंचा मळा मंदाच्या मुलाचा निघाला. पाण्याच्या कडेनं रंगीत तंबू, पुण्याची पोरं गिटार वाजवतायत, आणि मागच्या बाजूला पाटी, 'चुलीवरची भाकरी-पिठलं'. पाटीखाली मंदा चुलीपुढं बसलेली. केस पांढरे, नजर तीच. मला बघून ती उठू लागली, मी तिला बसवलं. पोरं ताटल्या घेऊन येत होती, भाकऱ्या नेत होती, ही कुणाच्या हातची हे विचारायचं कुणाच्या मनातही नव्हतं. गर्दी ओसरल्यावर मी विचारलंच.

"मंदे, ती भाकरी खाल्लीस का गं?"

कुठली, असं तिनं विचारलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली. जाळ मागं ओढला.

"न्हाई," ती म्हणाली. "आमच्या गोठ्याम्होरं गेले आन् गायीला घातली. घरात न्यायची छाती झाली न्हाई." आणि मग, माझ्याकडं न बघता, "गाय खात व्हती तवा मी बगत हुबी ऱ्हायले. मला भूक लागलती, शालू. लय भूक लागलती."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो तोच जुना संताप, आणि त्याच्याबरोबर तिची इतकी माया की दोन्ही कुठं ठेवावं कळेना. मी पदर खोचला आणि म्हटलं, "सरक." ती सरकली. तिच्या परातीत मी पीठ घेतलं, पाणी घातलं, मळलं. गॅस आणि पोळ्यांची सवय झालेली, हात वळेना. भाकरी जाड झाली, एका अंगाला करपली. ताटलीत टाकून तिच्यापुढं ठेवली. तिचा मुलगा, सून, भाची, गिटारवाली पोरं, सगळी बघत होती.

"तू बस की," मंदा म्हणाली.

"न्हाई. मी हितंच हुबी हाय."

तिनं तुकडा मोडला, तोंडात घातला. बराच वेळ चावला. "जाड झालीया," ती म्हणाली.

"गुमान खा," मी म्हटलं, आणि तिची ताटली रिकामी होईपर्यंत तिथून हलले नाही.